सांगितलं तसंच लिही

सॅन फ्रान्सिस्को
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

प्रिय कोलेट,

खूप खूप प्रेम. सॅक्रामेंटोचा उन्हाळा एकदाचा उतरला असेल आणि तुझ्या परसातल्या टोमॅटोंनी शेजाऱ्यांना हैराण करून सोडलं असेल, अशी आशा करते. इकडे सगळं ठीक. सकाळी धुकं, दुपारी ऊन. चर्चच्या ऑर्गनचा तो एक सूर अजून बेसूरच लागतो. फादर म्हणतात, आता त्याच्याशिवाय करमणार नाही.

हे अक्षर माझं नाही, हे तू पाकिटावरच ओळखलं असशील. शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी बोटांवर पट्टी मारून वळवलेलं माझं तिरपं अक्षर तुला अंधारातही कळेल. हाताला जरा लागलंय, म्हणून दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतेय. विशेष काही नाही.

लाँड्री चालू आहे. माझा नवरा गेल्यावर, आल्दोशिवाय मी ती विकीन असं सगळ्यांना वाटलं होतं, पण वाळवणीच्या मशीनची घरघर ऐकल्याशिवाय मला घरात असल्यासारखं वाटत नाही. दार मात्र आता कुलूपबंद ठेवते. गिऱ्हाईक आलं की बटण दाबून उघडायचं. मशीनमध्ये नाणी टाकायच्या पेट्या तीनदा फोडल्यावर दुसरं काय करणार?

मे महिन्यात तू लाँड्रीच्या काचेवरचं ते 'तंबू हटवा'चं पोस्टर पाहिलंस आणि न जेवता निघून गेलीस. तू म्हणालीस, "नोरी, डॅडी असते तर त्यांनी हे फाडलं असतं." मी म्हणाले, "डॅडींना रोज सकाळी उंबऱ्यावरची घाण धुवावी लागत नव्हती. आणि तुलाही लागत नाही." त्यावर तू म्हणालीस की मला माणसं दिसायची बंद झाली आहेत. त्यानंतर आपण बोललो नाही. सूप मी तीन दिवस एकटीने खाल्लं.

खरं सांगू? तुझं ते वाक्य खोटं नव्हतं. आमच्या फुटपाथवर सात-आठ तंबू आहेत. पूर्वी मी त्यांना कॉफी द्यायचे. मग साबणाची पाकिटं नाहीशी व्हायला लागली, एक सुई सापडली, आणि मी कॉफी बंद केली. अगदी दाराशी लागलेल्या तंबूत एक वेल्मा म्हणून बाई झोपायची. सकाळी मी मुद्दाम पाण्याची नळी तिच्या पांघरुणापर्यंत न्यायचे. (आत्ता लिहिणारीने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, सांगितलं तसंच लिही. ती म्हणाली, "लिहिते हो, पण पाणी फार गार असायचं, तेही लिहू का?" लिही, म्हटलं.)

हो कोलेट, हे अक्षर वेल्माचं आहे. ती पूर्वी बेकरीत केकवर नावं लिहायची, म्हणून हे असं गोलमटोल. तुझ्या नावावर ती साखरेची फुलं काढणार होती, मीच थांबवलं.

आता हाताचं. 'जरा लागलंय' म्हटलं ते पुरेसं नाही. तीन आठवड्यांपूर्वी एक माणूस गिऱ्हाइकाच्या मागून आत शिरला आणि पेटी उचकटायला लागला. मी मध्ये गेले. त्याने मला ढकललं. कपड्यांच्या घड्या घालायच्या टेबलावर मी उजव्या मनगटावर पडले. मनगट दोन ठिकाणी मोडलं. गिऱ्हाईक पळालं. ओरडत आत आली ती वेल्मा, हातात माझीच फरशी पुसायची काठी घेऊन. तो गेल्यावर ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि वर मलाच शिव्या घालत होती: "म्हातारे, चार नाण्यांसाठी मरतेस होय!" पोलीस आले तेव्हा मशीनला लावलेले कपडे धुऊन वाळूनही झाले होते.

तुला कळवलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, "आता तरी पाहिलंस ना?" किंवा तू काहीच म्हणाली नसतीस. त्याची जास्त भीती वाटली.

प्लास्टर निघेपर्यंत वेल्मा मागच्या खोलीत झोपते. पुढचं पुढे. आमची रोज भांडणं होतात. परवा मतपत्रिका टपालाने आली, तेव्हा तर जोरातच.

"मतपत्रिकेवरच्या तंबू हटवायच्या ठरावाला तू 'हो' म्हणणार?"

"म्हणणार."

"म्हणजे माझाच तंबू."

"तंबू हटवायचा, तुला नाही."

"कागदावर तसं लिहिलंय का?"

लिहिलेलं नाही, कोलेट. मी तीनदा वाचलं. म्हणून बेघरांसाठी खोल्या बांधायच्या करालाही मी 'हो' म्हणणार आहे. वेल्मा म्हणते, म्हातारीला दोन्हीकडचं हवं. पण आपण कायम ज्यांना निवडून दिलं, त्यांना या वेळी माझं मत नाही. डॅडी पोलिंगला जाताना हॅट ब्रशने झाडायचे, ते आठवून मी रडले, तरी नाही. पडल्यामुळे मन बदललं असं समजू नकोस. ते आधीच बदललं होतं.

इतकी वर्षं तू तुझी मतपत्रिका घेऊन बसने आलीस. एका टेबलावर बसून, खेकड्याच्या सुपात पाव बुडवत, तू बिशपच्या आवाजात ठराव वाचायचीस आणि आपण मतपत्रिकेवरचे 'हो-नाही'चे गोल काळे करायचो. या वेळी माझ्या बोटांत पेन राहत नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडून गोल भरून घेतलेले चालतात. वेल्मा म्हणाली, "दे, मी करते." मी नको म्हटलं. ते काम माझ्या बहिणीचं आहे.

तर ये. मी सांगेन तो गोल तू काळा करायचास. तुला पटला नाही तरी. भांडण सुपाच्या आधी कर, सुपाच्या नंतर कर, पण गोल माझाच. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात मी हे देऊ शकत नाही. वेल्माने स्वतःच्या विरुद्धची वाक्यं इतक्या सुबक अक्षरात लिहिली, तू एवढं तर करशील.

वेल्माला स्वतःची एक ओळ लिहायची आहे. लिही बाई.

कोलेटबाई, सगळं सांगितलं तसंच लिहिलंय. फक्त साबणाची पाकिटं मी नाही घेतली. एकच घेतलं.

सूप शनिवारी. तीन वाट्या मांडते. खालची सही डाव्या हाताची आहे. मतपत्रिकेच्या लिफाफ्यावर सही मलाच करावी लागेल म्हणून सराव करतेय. वाचता आली, तर समज मी अजून तीच आहे.

तुझी
नोरी