ओटीतलं रोप

माले, ता. मुळशी
८ जून २०२५

चि. किमयाला मावशीचे तोंडभरून आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तुझं निम्मं बोलणं वाऱ्यावर जातंय, म्हणून आबांना पोस्टात पाठवून पाकिटं मागवली. पाची रोपांच्या पानांचे तुकडे तू सांगितलंस तसे पुसून, वेगवेगळे बांधून पाठवतीय. वरती खुणा लिहिल्यात. नंबर-बिंबर मला जमत न्हाईत.

सोंड्या भुंग्यानं शुभाच्या झाडाचा शेंडा खाल्ला, ते खोड परवा काढलं. तिच्या जन्माच्या वेळी माहेराहून ओटीत आलेला नारळ गं तो. लेकीला जाऊन सहा वर्षं झाली, झाड तेवढं उभं होतं, तेबी गेलं. इतकी वर्षं नारळ देवाला वाहिले, लग्नांना वाटले, पण एक रुजत घातला न्हाई. झाड मरंल असं कुणाला वाटतंय? बरं तर बरं, तू तेवढा त्याचा पराग नेऊन मागच्या दारच्या ठेंगू नारळाला लावलास. त्याच नारळांची ही पाच रोपं. त्यातलं एक मी शुभाच्या झाडाच्या जागी, दारात लावलंय. नाजूक हाय, शुभासारखं. त्यात तिचं झाड असणारच, तू फक्त शिक्का मार.

आणि हो, किशोर आला होता, नव्या बायकोला घेऊन. जावई म्हणून त्याच्याशी माझं काही वाकडं न्हाई, पण लग्नाला मी गेले न्हवते, तिचं तोंडबी पाहिलं न्हवतं. ऋतुजा नाव. चहा झाला, निघाली, आता सवाष्णीला रिकामी कशी पाठवू? खण होता, तांदूळ होते, घरात नारळ न्हवता! मग मागून एक रोप उचललं आणि पिशवीसकट तिच्या ओटीत घातलं. सगळ्यात दांडगं दिलं. ओटीत मरतुकडं घातलं म्हणून त्यांच्या नांदे गावच्या बायांनी नावं ठेवायला नकोत. पदर चिखलानं माखला तरी हसत होती बया. त्याचं पान आधीच कापून ठेवलं होतं, तेबी यात हाय.

बी.पी.चं विचारू नकोस. गोळ्या कुणासाठी खायच्या आता? आबा ठीक.

माया हाय ती असू दे.
तुझी मावशी,
अनुसया


रत्नागिरी
१९ जून २०२५

ती. सौ. मावशीस, किमयाचा सा. न. वि. वि.

पाकिटं पोचली. ‘दांडगं’, ‘नाजूक’, ‘वाकडं’, ‘आबांचं’ आणि ‘शेळीनं खाल्लेलं’. आमच्या नारळाच्या लॅबमध्ये सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. आता त्याच नावांनी नळ्या लावल्यात.

तुझा राग येतो तो एकाच गोष्टीचा. मी फुलोऱ्यावर पिशव्या बांधून गेले आणि तू ‘गुदमरत असेल’ म्हणून दोन दिवस त्या सोडून ठेवल्यास! ठेंगू झाड स्वतःच्याच परागावर फळ धरतं गं. म्हणून पाचही रोपं संकराची असतील असं नाही. आई, म्हणजे ते ठेंगू झाड, पिवळ्या किंवा नारिंगी जातीचं असतं, तर रोपाच्या देठाच्या रंगावरून ओळखता आलं असतं. इथे दोन्ही झाडं हिरवी, त्यामुळे डोळ्यांना काहीच कळत नाही.

म्हणून पानातून डीएनए काढायचा. त्यातल्या काही ठरावीक जागा प्रत्येक झाडात वेगळ्या असतात, तीच त्याची खूण. तपासणीत ही खूण पट्टीसारखी दिसते: ठेंगूची पट्टी एका ठिकाणी उमटते, शुभाताईच्या माडाची दुसऱ्या ठिकाणी. ज्या रोपात दोन्ही उमटतील ते दोघांचं, एकच उमटली तर नुसतं ठेंगूचं. एका खुणेवर मी विसंबणार नाही, आठ-दहा तपासणार आहे. शुभाताईच्या माडाचं पान मी पराग नेताना ठेवून घेतलं होतं. (हो, कोकणात राहून ‘माड’ म्हणायला लागलेय. चिडव.)

पण मावशी, एकदा विचार कर. उत्तर नको ते आलं तर चालेल ना? नाही म्हणालीस, तर मी थांबते.

गोळ्या घे. लोभ आहे तसाच राहावा, आणि थोडी भीतीही वाटू दे माझी.
तुझी,
किमया


रत्नागिरी
१२ जुलै २०२५

ती. सौ. मावशीस, सा. न. वि. वि.

‘चालेल, मी काय काचेची हाय का’ असा तुझा निरोप आबांनी फोनवर दिला, म्हणून लिहिते. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन नुसती बसले होते. खोटं लिहावं असंही मनात आलं. तुला कधीच कळलं नसतं.

पाचांपैकी एकातच दोन्ही पट्ट्या आहेत. सगळ्या खुणांवर आहेत आणि दुसऱ्यांदा करून पाहिलं तरी तेच. ते ‘नाजूक’ नाही गं. ते ‘दांडगं’ आहे. खरा संकर बहुतेक वेळा असाच जोमदार निघतो. तू दाराशी लावलंयस ते नुसतं ठेंगूचं आहे.

शुभाताईच्या झाडाचं जे काही उरलंय, ते नांद्यात आहे. मला फार वाईट वाटतंय. किशोरभाऊजींना मी फोन करू का? ते नाही म्हणणार नाहीत. पावसाळा आहे, मुळाच्या मातीसकट हलवलं तर जगेल. जगलं की चार-पाच वर्षांत फळ धरेल. तू सांगशील तसं करते.

रागावलीस तरी लिही.
तुझी,
किमया


माले
२१ जुलै २०२५

चि. किमयाला खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर चिडले, मग स्वतःवर. चांगलं म्हणून निवडून निवडून दिलं आणि माझंच गेलं! आबा म्हणाले, जा, मागून आण, त्यात लाज कसली. गेले. वडापच्या जीपनं पिरंगुट, तिथनं रिक्षा. नांद्यात आता शेतं कमी आणि बिल्डिंगा लई, घर सापडता सापडंना.

किशोर कामावर होता. ऋतुजानं रोप दाराच्या समोरच लावलंय, शेळ्या खातील म्हणून भोवती बांबूच्या कामट्यांचं कुंपण केलंय. पाणी ठेवायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. तू लिहिलेलं वाचून दाखवलं. ऐकून ती उठली. आत गेली, मला वाटलं चहा टाकायला गेली, तर कुदळ घेऊन आली. डोळ्यांतनं पाणी. म्हणाली, काकू, तुमच्या लेकीचं हाय, तुमच्याच दारात पाहिजे. आणि लागली की कुंपण काढायला!

मी धावत जाऊन तिचा हात धरला. तोंडातनं निघालं, अगं, ओटीत घातलेलं कुणी परत नेतं का? आणि मी तर तेच परत न्यायला गेले होते! बोलले आणि किमया, खरं सांगते, लई हलकं वाटलं. तिथंच बसून दोघी रडलो. तिला आई न्हाई गं, लहानपणीच गेली. नागपंचमीला माहेरी ये म्हणून सांगून आलीय.

माझ्या दारातलं ठेंगू तसंच राहू दे. त्याचा काय गुन्हा? पाणी तर मीच घातलंय त्याला. तिकडच्या रोपानं फळ धरलं की पहिला नारळ ऋतुजा माझ्या ओटीत घालणार हाय. तो मी शुभाच्या झाडाच्या जागेशेजारी रुजत घालीन, देवाला न्हाई न् कुणाला न्हाई.

पंचमीला तूबी ये, तिला बघ. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी मावशी,
अनुसया

ता. क. – चार-पाच वर्षं म्हणालीस न्हवं? बी.पी.च्या गोळ्या कालपासून सुरू केल्यात.