चौदा नंबरची गुणाबाई

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

बिल्डरांचा गृहोत्सव उद्यापासूनच. इरई मैदान, चार दिवस, सत्तर दालनं. आयोजक प्रफुलने दुपारी सव्वातीनला फोनवर दुजोरा दिला. मैदानाच्या फाटकावर ठेला लावणारी गुणाबाई यंदा आत, चौदा नंबरच्या दालनात बसणार, हेही त्यानेच सांगितलं. "पक्कं समजा, भाऊ. लिहून टाका."

लिहून टाकलं. शनिवारच्या पुरवणीचं पान गुरुवारी चारला सुटतं, म्हणून शुक्रवारी जे होणार ते आम्ही गुरुवारीच भूतकाळात लिहितो. 'पहिल्याच दिवशी चंद्रपूरकरांची झुंबड उडाली.' 'गुणाबाईंच्या सांबारवडीसाठी चौदा क्रमांकाच्या दालनासमोर रांग लागली.' 'चुलीपाशी बसून हसतमुखाने वाढणाऱ्या गुणाबाई...' हसतमुखाने! बावीस वर्षांत त्या बाईला मी हसताना पाहिलेलं नाही.

ऑफिसात याला 'आगाऊ' म्हणतात. एकोणीस वर्षं हे सदर असंच चाललंय — सुट्टीत कुठे जावं, काय पाहावं, काय खावं. लोक वाचून जातात. मी जात नाही.

वडीबद्दल लिहिलं तेवढं मात्र खरं — बेसनाच्या पातीत ठासून भरलेला सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईची कोथिंबीर. ते खाऊन लिहिलंय.

१७ जानेवारी

उद्घाटन झालं असावं. गुडघा दुखतोय. गेलो नाही.

१८ जानेवारी, शनिवार

बायको, हर्षा, तिच्या शाळेतल्या सत्यशीलाबाईंना घेऊन गृहोत्सवाला गेली होती. माझं पान वाचून! सकाळीच म्हणाली, "तुम्ही लिहा, आम्ही जातो."

चारला परतली. सजवलेली घरं पाहिली, पडद्यांची दुकानं पाहिली, दोघींनी झोपाळ्यावर फोटो काढले. खूश होती. मग म्हणाली, वडी काही खास नव्हती. तुम्ही फिरून येताना आणता ती वेगळीच लागते. ही कोरडी, आणि वर लाल केचप.

केचप?

"हो. आणि तुमची गुणाबाई किती पोरसवदा आहे हो! मी साठीची समजत होते."

मी चहा खाली ठेवला. गुणाबाई साठीची आहे. आणि ती कढीशिवाय वडी देत नाही. पैसे दिले तरी नाही.

१९ जानेवारी, रविवार

गेलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, लिहून झाल्यावर पाहायला.

काय पाहिलं ते नीट लिहून ठेवतो. शिरतानाच फायबरचा वाघ, त्याच्या पाठीवर बसून फोटो. नमुन्याचा फ्लॅट — पलंगाच्या गादीवरचं प्लास्टिक तसंच, टीव्ही पुठ्ठ्याचा, टेबलावर रबरी द्राक्षं. एका द्राक्षाला दातांच्या खुणा. बाल्कनीच्या चित्रात पुन्हा वाघ, कठड्यापासून दहा फुटांवर. माझ्यापुढचा एक माणूस विक्रेत्या मुलीला विचारत होता, "वाघ संगंच भेटते का, का त्याचे वेगळे द्या लागते?" तिला हसायची परवानगी नसावी.

मग खाण्याची बाजू. तेल तीन दिवसांचं — वासच सांगतो. उष्ट्या प्लेटा कुंड्यांमध्ये खोचलेल्या. झेंडूच्या रोपांवर चटणीचे ओघळ. लोक उभ्याने खातायत, खातानाच मोबाइलवर खाण्याचे फोटो काढतायत, आणि कचरापेटी चुकवून खरकटं टाकतायत. पायाखालचा हिरवा गालिचा चिकटून चपलेबरोबर उचलला जात होता.

चौदा नंबर. मातीची चूल — आत लाल बल्ब, वर उदबत्तीचा धूर. वड्या पडद्यामागून येत होत्या, ओव्हनमध्ये गरम होऊन. चुलीपाशी पंचविशीची मुलगी, आपल्याकडे कोणी नेसत नाही तसली जरीकाठी नऊवारी नेसलेली. तिच्या मागे दाराएवढा फलक. त्यावर माझं पान. मोठं करून. माझं नाव, माझा फोटो. 'हसतमुखाने वाढणाऱ्या गुणाबाई.'

तिने फोटोवरून मला ओळखलं. "सर, तुमीच लेहेलं न हे? मस्त लेहेलं."

मी नाव विचारलं.

"सोमवारपावतर गुणाबाई. घरचं रंजीता." भद्रावतीची. केटररकडे भांडी घासते. शुक्रवारी दुपारी साडी दिली आणि इथे बसवलं. "काल सकायी म्हणलं, हसत राय. पेपरात तसं लेहेलं हाये म्हणे. गाल दुखून राह्यले, सर."

तिच्यावर काय चिडणार! ती माझंच वाक्य दिवसभर चेहऱ्यावर घेऊन बसली होती. एक वडी घेतली. बेसनाची पाती जाड, आत सांबार चिमूटभर, कोबीच जास्त. वर केचप. अर्धी खाल्ली, अर्धी खिशात घातली. त्या कुंडीत टाकवेना. घरी आल्यावर हर्षाने खिसा धुतला.

फाटकाबाहेर गुणाबाईच्या जागेवर मोटारी उभ्या होत्या.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी सहाला शोधत निघालो. बसथांब्याच्या मागे, नालीच्या काठाला सापडली. कढई तापत होती. दोन बसड्रायव्हर आणि एक कुत्रा, एवढंच गिऱ्हाईक. नेहमी पंधरा-वीस माणसं असतात.

सांबाराच्या जुड्या ती पहाटे मंडीतून आणते. निवडते, धुते, फडक्यावर सुकवते, मग चिरते. आरमोरीकडून नवऱ्यासोबत इकडे आली तेव्हापासून हेच. नवरा गेला, ठेला राहिला.

शुक्रवारी काय झालं, ते तिने वड्या तळता तळता सांगितलं. सातला ती सामान घेऊन आत गेली होती. प्रफुलने नऊवारी पुढे केली. ती हिने घेतली. हसायला सांगितलं, बरं म्हणाली. मग तो म्हणाला, कढी नको, गालिचा खराब होईल, सॉस देऊ. तिने पातेलं उचललं आणि बाहेर आली.

"कढी नाई त् वडी नाई. घशात अडकते मानसाच्या."

एवढ्यावरून! चार दिवसांचा धंदा सोडला — एवढ्यावरून.

मग गाठोड्यातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. मैदान समिती पूर्वेच्या भिंतीला आठ पक्के गाळे बांधतेय, जुन्या ठेलेवाल्यांसाठी. फेब्रुवारीपासून ज्याला गाळा नाही त्याला फाटकाबाहेर बसता येणार नाही. शनिवार शेवटची तारीख होती. तिने दुपारी अर्ज दिला. त्यावर लाल शाईत शेरा मारून परत मिळाला — 'गुणाबाई सांबारवडी या नावाने अर्ज आधीच आला आहे. सोबत वृत्तपत्राचे कात्रण जोडले आहे.'

पहिला अर्ज चौदा नंबरच्या केटररचा. कात्रण माझं. त्यात स्वच्छ लिहिलंय की गुणाबाई चौदा नंबरला बसली होती. आणि ही बाई तिथे बसलीच नव्हती.

कागद परत दिला. तिने माझ्यापुढे नेहमीसारखीच प्लेट ठेवली, दोन वड्या, वाटीभर कढी. रागावलेली दिसत नव्हती. तेच जास्त लागलं.

"भाऊ, तुमी त् रोज इथी खाता. मी तिथी बसलो असं काऊन लेहेलं?"

मी वडीचा तुकडा मोडून कढीत बुडवला.

"इचारलं असतं त् सांगतलं असतं. फाटकापासून दहा पावलं त् होतो मी."

कढी प्यालो. तिने वाटीत अजून ओतली. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

२१ जानेवारी

आवृत्तीप्रमुख अश्वजितला सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार, कधी आवाज चढवत नाही. चार ओळींचा खुलासा छापू म्हटलं.

तो म्हणाला, काय छापायचं? आपण गेलो नव्हतो, असं? मग लोक विचारतील, कधी जाता? प्रफुलच्या पानभर जाहिराती आहेत, ते सोडा. "सर, एक शनिवार उघडला की मागचे सगळे उघडतात."

त्याने हे दुष्टपणाने म्हटलं नाही. हिशेब बरोबर आहे त्याचा. ही पद्धत त्याने आणलेली नाही, तो कॉलेजात होता तेव्हा मी सुरू केली. पहिल्या वर्षी एकदा मुलीला ताप होता म्हणून. नंतर सवयीने.

ग्रंथालयातून जुन्या फायली काढून बसलो. कोणत्या ठिकाणी प्रत्यक्ष गेलो होतो, ते आठवून खुणा करत गेलो. तिसऱ्या वर्षाच्या पुढे पेन्सिल उचलावीच लागली नाही. जत्रा, पुष्पप्रदर्शनं, झाडीपट्टीची नाटकं, नवी हॉटेलं — 'चविष्ट', 'तुडुंब', 'रसिक तृप्त'. एका नाटकाला मी रसिकांना तृप्त केलंय. ते, आज आठवलं, पावसामुळे झालंच नव्हतं! कोणी विचारलंही नाही. स्वतःचं लिखाण वाचून शिसारी यावी, हे या वयात.

२३ जानेवारी, गुरुवार

पुन्हा पान. यावेळी सुट्टीतल्या तीन कार्यक्रमांच्या शेवटी चार ओळी घातल्या:

'गेल्या शनिवारी या सदरात लिहिलेले गुणाबाईंचे वर्णन मी गृहोत्सवाला न जाता लिहिले होते. गुणाबाई त्या दालनात बसल्या नव्हत्या. फाटकाबाहेर बावीस वर्षे सांबारवडी विकणाऱ्या बाई त्याच. चूक माझी आहे.'

चारला पान सोडलं. हात हलका वाटला.

२५ जानेवारी, शनिवार

चार ओळी नाहीत. त्या जागी 'टोमॅटो केचप घरच्या घरी' अशी कृती.

हे मी रचून लिहिलं असतं तर अश्वजितने खोटं वाटतं म्हणून कापलं असतं.

विचारलं. म्हणाला, जागा कमी पडली.

२६ जानेवारी, रविवार

शाळेतलं झेंडावंदन उरकून हर्षा थेट बसथांब्यामागे आली. मी तिथेच होतो. दोघींची पहिली भेट. हर्षा बाकावर बसली, वडी मोडून कढीत बुडवली, एक घास खाल्ला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "म्हणजे मला बावीस वर्षं पार्सल खायला घातलंत तुम्ही."

गुणाबाईच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मी पाहिलं. हसणं म्हणता येणार नाही. लिहिताना मोह होतोय, पण नाही.

मंगळवारी मैदान समितीपुढे दोन्ही अर्जांची सुनावणी आहे. मी काय करू शकतो, असं तिला विचारलं. तिने कढईतून नजर काढली नाही.

"कायी लेहू नोका. फक्त या, न् मले ओळखा."

अश्वजितला फोन करून सांगितलं, परवा समितीपुढे जाणार आहे, आपलं कात्रण खोटं आहे हे तोंडी सांगणार आहे. त्याने वार पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला, ठीक आहे सर, कळवलंत ते बरं झालं.

२७ जानेवारी

काल ऑफिस बंद, म्हणून आज अंक नाही. पेपराशिवाय सकाळ किती स्वच्छ असते!

समितीचे सचिव बापूराव यांनी सायंकाळी दुजोरा दिला — सुनावणी उद्या, मंगळवारी, सकाळी अकराला. समितीचे सात जण. माझं नाव साक्षीदारांत लिहून घेतलंय. निकाल लगेच. "तुमी सांगाल तेच मानू, नागसेनभाऊ. लेहेणाराच तुमी."

हर्षाने सदऱ्याला इस्त्री करून ठेवलीय.

२८ जानेवारी, मंगळवार, सकाळी सव्वासात

पेपर आला. पान पाच, तळाशी, दोन कॉलम:

'पूर्व भिंतीचा गाळा चौदा क्रमांकाच्या गुणाबाईंनाच. मैदान समितीपुढे मंगळवारी झालेल्या सुनावणीत ज्येष्ठ पत्रकार नागसेन यांनी त्यांची ओळख पटवून दुजोरा दिला.'

चौदा क्रमांकाच्या, म्हणजे केटररला. झालेल्या. दिला.

समितीचे सातही जण हे वाचून येतील. गुणाबाई तळण आटोपून साडेदहाला फाटकापाशी थांबणार आहे. सुनावणी अकराला.