नकाशातला कोरा तालुका

पांढुर्णा,
१२ सप्टेंबर १९८७

चि. सुनंदास अनेक आशीर्वाद.

तुझा नकाशा पोचला. पोलिसांतल्या तक्रारी आणि कोर्टातले खटले कॉम्प्युटरला द्यायचे आणि कायदा कुठे किती चालतो याचं चित्र त्याने काढायचं, असा प्रोग्रॅम माझ्या मुलीने दिल्लीत बसून तयार केला, हे मी शेजारच्या केसरबाईंना दोनदा सांगितलं.

तक्रारी जास्त तिथे दाट फुल्या. गेल्या वर्षीच्या पोळ्याच्या आठवड्यात आपला तालुका मात्र कोरा. खाली तू लिहिलंस, "आई, आपलं गाव सगळ्यांत शहाणं!"

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ज्या वर्गातून तक्रार येत नसे, त्याला सिस्टर शिस्तीचा बिल्ला देत. आम्ही बाकाखाली मुकाट चिमटे खाऊन तो मिळवायचो.

बाळ, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते, हे तू विसरलीस? जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, पलीकडे माझं माहेर सावरगाव, मध्ये पळसाचा झेंडा आणि दोन्हीकडून दगड. फुटलेल्या डोक्यांना तूच हळद लावायचीस. तक्रार कुणी केली कधी?

यंदा बाबाही उतरले होते. "जरा खरचटलं" असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते त्यांच्या सांगण्यावरून. नागपूरला नेलं होतं गं. डावा डोळा वाचला नाही.

पोलिसांत रपट लिहू म्हटलं, तर म्हणाले, "गोटमारीची का कोनी रपट लिहिते? गाव हासन!"

त्यांना घरी आणलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी श्रावणमामा नदी ओलांडून आला. खाटेशी बसून म्हणाला, "दगड कोनाचा व्हता, मले खरंच मालूम नाही, भाऊजी."

"तुया असन, तं नेम सुधारला म्हनायचा, साळ्या!"

दोघं हसले. मी चहा करायला आत गेले, ती बराच वेळ बाहेर आलेच नाही.

यंदाही आपला तालुका कोराच निघेल. म्हणून पुढच्या महिन्यात साहेबलोकांना नकाशा दाखवण्याआधी कॉम्प्युटरला एक खूण शिकव: इथे लागतं, पण कुणी सांगत नाही.

बाबांनी तुझा नकाशा भिंतीवर लावलाय. आल्यागेल्याला अभिमानाने दाखवतात.

रजा काढून ये. आलीस की त्यांच्या उजव्या बाजूला बैस. डावीकडून आलेलं माणूस त्यांना दिसत नाही.

तुझी,
आई