रामवाडीतले दोन बूथ आणि एक सोयरीक

रामवाडी, पेण
श्रावणातला सोमवार, १९९८

ती. विमलताईस,

धाकट्या पुंडलिकाचा वाकून नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत. तू मात्र खुशाल नसावीस असा मला दाट संशय आहे. गुडघे कसे आहेत? (दुखत असतीलच. नसतील तर दुखतील, हवाच तशी आहे.) रविवारी वैशालीची आणि हरेशची समजूत काढायला येते आहेस, असे तुझे कार्ड आले. वाचून आनंद झाला आणि लगेच काळजीही वाटली. वडखळला सध्या असे खड्डे आहेत की धडधाकट माणूस एसटीतून उतरतो तो कमरेला हात लावूनच. रेल्वेने यावे तर गाडी निडी स्टेशनात क्रॉसिंगसाठी किती वेळ उभी राहील ते ड्रायव्हरलाही माहीत नसते. तेव्हा नीट विचार कर.

आता हे लग्न तूच जुळवलेस, त्यामुळे तुला माहीत नाही असे काही मी सांगू शकत नाही. पण त्या लग्नाने आमच्यावर काय आले ते तुला रोह्यात बसून कळायचे नाही. ताई, या वर्षभरात मी जे पाहिले त्याने थक्क झालोय. रस्त्याच्या या बाजूला हैबतरावांचा एसटीडीचा बूथ, लष्करातून निवृत्त म्हणून मिळालेला. समोर काशीबाईंचा, नवऱ्यामागे मिळालेला. फोनचा दर सरकारी, त्यात दोघांनाही हात घालता येत नाही. पण दराभोवती केवढे जग असते! हैबतरावांनी पंखा लावला, तर काशीबाईंनी स्टुलावर गादी घातली. त्यांनी थंड पाणी ठेवले, तर हिने त्यात कोकम घातले. आमच्या ऋतुजाचा सासरहून, अंकलेश्वराहून फोन आला की काशीबाई पदर खोचून माझ्या मूर्तींच्या कारखान्यापर्यंत पळत यायच्या, आणि हैबतरावांकडे आला तर ते सायकलवरून शिट्टी मारत. एकदा दोघे एकदम आले (एकाकडे ऋतुजा, दुसऱ्याकडे दादरचा व्यापारी) आणि मी त्या वेळी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होतो. त्या मूर्तीचा डावा डोळा अजून जरा दचकलेला दिसतो. पण निरोपाचे कुणी कधी काही घेतले नाही.

मग तू आलीस. काशीबाईंची वैशाली, हैबतरावांचा हरेश, काय शोभतो जोडा, असे तू म्हणालीस आणि तो शोभलाही. मी लग्नात जिलब्या खाल्ल्या. प्रत्येक जिलबीबरोबर आपण आपला एकेक फुकट निरोप गिळतोय, हे मला काय ठाऊक!

लग्नानंतर दोन्हींकडे एकाच अक्षरात बोर्ड लागले, ‘ग्राहकांच्या सोयीसाठी’ असे वर लिहून. मग काशीबाईंच्या बूथला कुलूपच लागले (एका घरात दोन कशाला?). निरोप द्यायचा तर पाच रुपये, तोही चारनंतर. पंखा फक्त एसटीडीला, गावातला फोन घामात करायचा. कोकम कुठे गेले ते त्या कोकमालाच माहीत. कुणी आवाज चढवला नाही की दादागिरी केली नाही. सगळे हसतमुखाने झाले, आणि मी तोंडात बोट घालून बघत राहिलो, की समोरचे एक दार बंद झाले तर या दारातला माणूस एवढा बदलतो!

परवा तुमच्या रोह्याच्या केमिकल कंपनीतले एक साहेब मूर्ती ठरवायला आले होते. हातात मोबाइल. केलेल्या फोनचे पैसे तर आहेतच, आलेल्या फोनचेही पैसे! मी विचारले, अशा कंपन्या किती? म्हणाले, आपल्या भागात दोन. मी हात जोडून म्हटले, साहेब, काय वाटेल ते करा, पण त्या दोघींची सोयरीक होऊ देऊ नका. ते हसले. मग त्यांच्या यंत्राला रेंज मिळेना, तेव्हा बूथवर जाऊन घामात उभे राहिले आणि गंभीर झाले.

हे सगळे मी सोसले असते. पण ऋतुजाला दिवस भरत आलेत, डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय, म्हणून पोर तिकडेच आहे. तशा अवघडलेल्या अंगाने ती भर दुपारी चालत जाऊन फोन लावते, आणि हैबतराव तिला सांगतात, निरोपाची वेळ चारनंतर. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. आईच ती, इंदूला दोन घास गेले नाहीत.

पुढच्या खेपेला फोन आला तेव्हा गल्ल्यावर वैशाली होती. ती उठली आणि तशीच अनवाणी इंदूला बोलवायला धावली. परत आल्यावर हैबतराव म्हणाले, “नियम म्हंजे नियम.” ती म्हणाली, “आईला पोरीचा आवाज ऐकू नाय द्यायचा, असला कसला वो नियम?” हरेश मधे उभा राहून छताकडे बघत होता. वैशालीने पिशवी भरली, रस्ता ओलांडला आणि आईच्या बूथचे कुलूप उघडले. भांडण ते एवढेच.

आणि ताई, तेव्हापासून रामवाडीत स्वर्ग उतरलाय! पाच रुपये गेले, कोकम आले, पंखा सगळ्यांना. हैबतराव स्वतः छत्री धरून गिऱ्हाईक आणतात. नवरा-बायकोच्या भांडणावर अख्खी आळी सुखात आहे. मला याची लाज वाटते, पण फोनही लागतो.

इंदूचा नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
पुंडलिक

ता. क. खरे सांगतो. रविवारी येऊ नकोस. ऋतुजा सुखरूप सुटेपर्यंत तरी त्या दोघांना भांडू दे. मी तुझ्या पाया पडतो.

ता. क. दुसरा, बुधवार. पत्र पेटीत टाकायचे राहिले ते बरे झाले. काल संध्याकाळी हरेशने आपल्या बूथवरून समोरच्या बूथवर फोन लावला. मधे फक्त रस्ता, तरी दोघे काचेतून एकमेकांकडे बघत फोनवर बोलत होते आणि बाहेर रांग खोळंबली होती. शेवटी वैशालीच म्हणाली, “ठेव आता. काकांच्या ऋतुजाचा फोन येल.” तिने ठेवला आणि घंटा वाजली. जावईबापू होते. मुलगी झाली, ताई! दोघीही बऱ्या आहेत. वैशाली तिकडून धावली, तिला धावताना बघून हरेश इकडून धावला, आणि दोघे आमच्या दारात एकमेकांवर आदळले. इंदू रडत होती, मी रडत होतो, ती दोघे हसत होती. त्यांचे मिटले. मात्र वैशालीची अट आहे, की नांदायला येईन, पण समोरचा बूथ माझा, तो उघडाच राहणार. हरेशने कबूल केले. मी त्या पोरीपुढे मनातल्या मनात हात जोडले.

ता. क. तिसरा, घाईत. हैबतराव बायको गेल्यापासून एकटे, काशीबाईही एकट्या. आज दुपारी दोघे काशीबाईंच्या बाकावर बसून एकाच तांब्यातले कोकम पीत होते, आणि हैबतराव हसत होते. (हैबतराव!) आळी घाबरली आहे. तू रविवारची वाट बघू नकोस, पत्र मिळताच नीघ, या खेपेला सोयरीक मोडायला. वडखळचे खड्डे बुजवलेत असे आत्ताच कळले.