ओल्गाची किंमत

३ जून, सोमवार

गेली ओल्गा! म्हणजे विकली नाही अजून, लूपे बराझाच्या आवारात नेऊन उभी केली. जावयाने चालवली. मागून छोट्या गाडीत मी आणि ऑरिन. चौतीस फुटी मोटरहोम, अकरा वर्षं हेच आमचं घर, आणि तिच्या मागे आम्ही दोघं लेकीच्या पाठवणीला निघाल्यासारखे.

लूपे आमच्या ओळखीची. पन्नाशीची, ठेंगणी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ओल्गाचं तेलपाणी पहिल्यापासून हिच्याकडेच. नव्वद दिवसांचा करार केला. गाडी आमच्या नावावर, उभी तिच्या आवारात. गिऱ्हाईक ती आणणार, विकली की आपला वाटा कापून घेणार. सरळ व्यवहार. वाकडा माझा नवरा, ऑरिन! किंमत काय सांगितली याने! तेवढ्यात ओल्गाच्या निम्म्या वयाची गाडी येईल. मी म्हटलं, "अरे, पंधरा वर्षांची म्हातारी आहे ती." तर म्हणतो, "म्हातारीची किंमत म्हातारीने करू नये."

आणि विकायला काढली कधी, तर जूनमध्ये! या मेसा गावात, भर वाळवंटात, जूनमध्ये मोटरहोम कोण घेतं? थंडी टाळायला आलेले सगळे म्हातारे एप्रिलमध्येच उत्तरेला परतले. डिसेंबरपर्यंत थांब म्हटलं. ऐकेल तर शपथ! कागदही त्यानेच लूपेच्या ऑफिसात बसून भरला, जाड काळ्या पेनाने, लूपेने बोट ठेवलं तिथे. मी तोवर कपाटं रिकामी करत होते.

५ जून, बुधवार

आमच्या लेकीने, जोएलने, तिच्या घरातली मागची खोली दिलीय. नव्या चादरी, खिडकीत कूलर, माझ्यासाठी वेगळा दिवा. लेक असावी तर अशी. देव तिचं भलं करो, आणि कूलरचंही.

ऑरिन खुर्चीत बसून असतो. डोळ्यांना मधलं दिसत नाही, कडा तेवढ्या दिसतात. माणसाकडे बघायचं तर तोंड फिरवावं लागतं त्याला, रुसल्यासारखं. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाला, "आता गाडी बंद." तेव्हापासून याचं बोलणंच आटलं. आज दिवसभरात चार वाक्यं. मोजली मी. त्यातलं एक कूलरला उद्देशून होतं.

११ जून, मंगळवार

ऑरिनच्या आईचा बिडाचा तवा सापडेना. शेवटी तोच म्हणाला, "ओव्हनमध्ये राहिला असेल." मी स्वतःच्या हातांनी ओव्हन रिकामा केला होता! वय झालं, दुसरं काय. गेले लूपेकडे. तवा ओव्हनमध्येच, मला हसत बसलेला.

निघणार तर लूपे आडवी आली. "लव्हॉनबाई, जरा ओल्गा पुढे घेता का? माझा माणूस आला नाहीये आणि पाण्याचा टँकर यायचाय."

"मी? अगं, पहिल्याच वर्षी नेब्रास्कात एकदा चालवली आणि कोणाची तरी टपालपेटी आडवी केली. त्या दिवसापासून स्टिअरिंगच्या चाकाला हात लावला नाही."

"बघा, इथे टपालपेटी नाही."

चाळीस पावलं नेली. चाळीसच! ते भलंमोठं आडवं चाक, पुढे नुसती काच, ब्रेक सोडला की सुस्कारा टाकते ती. घामाने निथळले. पारा एकशे दहा फॅरनहाइटवर होता म्हणा, निथळायला तेवढंही पुरे. उतरले आणि तोंडातून निघून गेलं, "पुन्हा येऊ का?" आता हे मी बोलले की कोण बोललं?

लूपे म्हणाली, "मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे साडेपाचला. ऊन व्हायच्या आत. मागचं आवार उन्हाळाभर रिकामंच असतं."

१४ जून, शुक्रवार

खोटं बोलले. त्रेपन्न वर्षांच्या संसारात फार तर तिसरं खोटं. घरी सांगितलं, पाण्यातल्या व्यायामाच्या वर्गाला जाते. जोएल इतकी खूश की संध्याकाळी पोहण्याचा पोशाख घेऊन आली, जांभळ्या फुलांचा. माझ्या वयाला!

ऑरिनला का सांगत नाही? जमलं नाही तर? एकदा डॉक्टरने त्याचं मन मोडलंय, दुसऱ्यांदा मी नाही मोडणार. आणि जमायच्या आधीच ओल्गा विकली गेली तर सांगून उपयोग काय? म्हणजे आता शर्यत आहे. मी आधी शिकते की ती आधी विकली जाते.

२१ जून, शुक्रवार

पुढची चाकं आपल्या पाठीमागे असतात! अकरा वर्षं शेजारी बसले, हे कधी ध्यानातच आलं नाही. वळायचं तर आधी गाडीचं नाक वळणाच्या पुढे जाऊ द्यायचं, मग चाक फिरवायचं. लूपे बाजूला उभी राहून ओरडते, "अजून नाही! अजून नाही! आता!"

रस्त्यावर मांडतात ते केशरी शंकू तिने मांडले होते. बारांपैकी सात मेले.

२८ जून, शुक्रवार

नऊ मेले. प्रगती उलट्या दिशेने. लूपेच्या आईने मक्याचे तमाले पाठवले होते, पानात गुंडाळलेले, गरमागरम. गाडीच्या पायरीवर बसून दोघींनी खाल्ले. मी म्हटलं, "लूपे, मला शिकवून तुला काय मिळतं?" म्हणाली, "करमणूक!"

४ जुलै, गुरुवार

स्वातंत्र्यदिनाचे फटाके. ऑरिनने तोंड भिंतीकडे केलं. म्हणजे आकाशाकडे बघत होता. "कडांवरचे दिसले," म्हणाला. माझा हात धरून होता.

९ जुलै, मंगळवार

काळजाचं पाणी झालं आज! मी चाकावर आणि ऊन टाळायला एक कुटुंब पहाटेच आलं, ओल्गा बघायला. लूपेने मला खूण केली, मी ओल्गाच्याच मागच्या खोलीत पलंगाच्या टोकाला बसले. ते आत आले. बाई म्हणते, "अगं बाई, हे पडदे बघ! माझ्या आजीकडे असे होते." मी शिवलेत ते, भवाने! ओव्हन उघडून बघितला, नळ सोडून बघितला. मुलगी म्हणाली, "मला आवडली ही."

मग नवऱ्याने किंमत वाचली. हसला तो. मोठ्याने! "यांना विकायची आहे का हिचं देऊळ बांधायचंय?" आणि गेले सगळे.

देवा, ऑरिनच्या हट्टाचे आभार. तीन जूनला त्याच हट्टावर मी तासभर बडबडले होते.

१९ जुलै, शुक्रवार

एकही शंकू मेला नाही. लूपेने जुडगा वाजवून टाळी दिली.

ऑरिन आज विचारतो, "पाणी कसं होतं?" मी म्हटलं, "गार." म्हणाला, "बरं." लाज वाटली मला.

३० जुलै, मंगळवार

मागे घेणं! हे मात्र कर्मकठीण. दरवर्षी मोटरहोमच्या कुठल्याही तळावर संध्याकाळी नवी गाडी शिरली की सगळे जुने आपापल्या खुर्च्या घेऊन बाहेर बसतात. करमणूक! नवरा चाकावर, बायको मागे उभी राहून हात हलवतेय, तो ओरडतोय "कुठला डावा?", ती ओरडतेय "माझा डावा!" किती संसार मोडता मोडता वाचलेत तिथे. अकरा वर्षं मागे उभी मी होते. दोन्ही हात वर. आता मी पुढे बसले तर मागे कोण?

आज मागे लूपे होती. मागचं शेपूट तिच्या कुंपणाला लागलं. जाळीला पोक आलं. भरून देते म्हटलं तर म्हणाली, "राहू दे. तुमची आठवण." अशी माणसं कुठे मिळतात हल्ली?

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज रस्त्यावर! शेजारच्या अपाची जंक्शन गावापर्यंत आणि परत. डोंगर समोर, ऊन नुकतंच चढत होतं. समोरून एक मोटरहोम आलं आणि चालवणाऱ्याने हात केला. रस्त्यावरचा रिवाजच आहे तो, गाडीवाला गाडीवाल्याला हात करतो. मला! मीही केला. मग लूपेने ओरडून सांगितलं की हात चाकावर ठेवा.

परतल्यावर म्हणाली, "आता माझ्याकडे शिकवण्यासारखं काही नाही. ब्रेक तेवढा हळू." मी तिच्यासाठी ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे नेले होते, आमच्या मिनेसोटाच्या पद्धतीचे, वर चीज. मिठी मारताना तिच्या किल्ल्या पोटात टोचल्या. रडले थोडी. चांगलं रडले.

रविवारी ऑरिनला सांगते. नक्की.

१८ ऑगस्ट, रविवार

नाही सांगितलं. शब्द ओठांपर्यंत आले आणि त्याने विचारलं, "कॉफी आहे का?" पुढच्या रविवारी.

२० ऑगस्ट, मंगळवार

लूपेचा फोन. आवाज पडलेला. गिऱ्हाईक आलंय. पूर्ण किमतीला. एक पैसा कमी करा म्हणत नाही! टूसॉनचा निवृत्त दंतवैद्य. उद्या दहाला सही.

मी ऑरिनला सांगितलं. त्याने नुसतं "पूर्ण?" म्हटलं आणि खुर्चीत मागे टेकला. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आनंदाने. आनंदाने माणूस असा दिसतो का?

हरले मी. आठवडाभर गप्प राहून हरले.

२१ ऑगस्ट, बुधवार

नीट लिहिते, विसरायला नको.

लूपेच्या ऑफिसात दंतवैद्य बसलेला, डोक्यावर नवी कोरी हॅट. लूपे कागद पुढे सरकवत म्हणाली, "ऑगस्टमध्ये असं कधी झालं नाही हो. माझ्या आयुष्यात नाही!" ऑरिनच्या हातात पेन. सही कुठे करायची हे लूपे दाखवते आणि त्याचं बोट तिथून घसरतं.

"लव्हॉन," तो म्हणाला, "तू बोल."

"मी काय बोलू? किंमत तुझी."

"गाडी दोघांची."

मग सुटलंच माझं तोंड. "मी चालवते तिला! जूनपासून शिकतेय. पोहायला एकदाही गेले नाही. अपाची जंक्शनला जाऊन आले, वळणं घेते, मागेही घेते, कुंपणाला पोक काढलंय ते मीच! तुला खोटं सांगितलं. मला ही विकायची नाही रे. मला तुझ्याबरोबर जायचंय."

दंतवैद्याने हॅट काढली.

ऑरिनने तोंड खिडकीकडे फिरवलं. म्हणजे माझ्याकडे बघितलं. गालांवरून पाणी, आणि हसतोय! "पोहून येणाऱ्या बायकोच्या केसांना कधी क्लोरीनचा वास नाही," म्हणाला. "डिझेलचा! आठवड्यातून दोनदा. डोळे गेलेत माझे, नाक नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलायची वाट बघत होतो. कालपासून जीव टांगणीला लागला होता, आता बोलतेस की नाही म्हणून."

मी म्हटलं, "पण मागे घेताना मागे कोण उभं राहणार?"

"मी. मागे घेताना कडाच तर बघायच्या असतात. तेवढ्या आहेत माझ्याकडे."

दंतवैद्याची मी हात जोडून माफी मागितली. भला माणूस. म्हणाला, "माझी बायको असं काही बोलली असती तर मीही विकली नसती." लूपे त्याला मागच्या रांगेत घेऊन गेली आणि तासाभरात दुसरी गाडी विकली त्याला! नवी, आणि बरीच स्वस्त. सगळ्यांचं भलं झालं. आजच्याइतक्या भरल्या मनाने मी बऱ्याच वर्षांत झोपायला गेले नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

ओल्गा आणायला गेले. लूपेने जुना करार हातात दिला, "फाडून टाका." फाडायच्या आधी उलटला. मागे ऑरिनचं जाड काळं अक्षर, ओळ सोडून खाली घसरलेलं. तारीख तीन जून.

"लूपे, या किमतीला कोणी घेणार नाही. नव्वद दिवस मिळतील. तवा मी ओव्हनमध्ये परत ठेवलाय, तो घ्यायला लव्हॉन येईल. आली की गाडी जरा पुढे घ्यायला सांग."

फाडला नाही. त्याच तव्यात त्याला अंडी केली. नेहमीपेक्षा दोन जास्त.