हललेला फोटो

प्रिय बाबा,

हे पत्र ताई वाचून दाखवत असेल. ताई, तुला न पटलेलं वाक्य गिळायचं नाही, आहे तसं वाच. बाबा, दोन वर्षं मी तुमचा फोन उचलला नाही, त्याचं कारण आज सांगणार आहे. पण आधी उंदराच्या डोळ्याचं सांगतो. हसू नका, सगळं तिथूनच उलगडलं.

सध्या मी एका प्रयोगशाळेत आहे. प्रयोग माझ्यावर नाही, घाबरू नका. खिडक्यांवर काळं कापड ठोकायला गेलो होतो, दोन दिवसांचं काम, आणि काचसामान धुवायला तिथेच चिकटलो. आत पाऊल टाकलं नि दारातच थबकलो. मिणमिणता लाल दिवा, बेसिनमध्ये पाण्याची टपटप. थेट आपल्या स्टुडिओतली डार्करूम! फक्त तो आंबूस वास तेवढा नाही. त्या वासापायी ताई दाराबाहेर नाक दाबून उभी राहायची आणि मी मुद्दाम आतून कडी... जाऊ दे, भरकटलो.

तर, उंदराच्या डोळ्यातला मागचा पडदा, टिकलीएवढा, कोमट खाऱ्या पाण्यात कितीतरी तास जिवंत ठेवतात. केसाहून बारीक सुई त्यातल्या एका पेशीला टेकवतात. पेशी बोलली की स्पीकरमधून कटकट ऐकू येते. मग प्रयोग करणाऱ्या मॅडम उजेडाची एक पट्टी त्यावरून सरकवतात. डावीकडून उजवीकडे नेली की टाइपरायटर सुटल्यासारखी कटकट. तीच पट्टी उलटी नेली की चिडीचूप. मला वाटलं वायर निसटली, धावत जाऊन प्लग दाबायला लागलो. मॅडम बोलायला तुमच्याइतक्याच तिरकस. म्हणाल्या, "हात आवर, शहाण्या. तिला ती दिशा चालत नाही." शेजारी चांदणीसारख्या फांद्या पसरलेल्या पेशी असतात म्हणे. नको त्या बाजूने पट्टी आली की त्या आधीच हिचं तोंड दाबतात. हव्या बाजूने आली तर त्यांना उशीर होतो, तोवर हिचं बोलून झालेलं असतं. दुसऱ्या दिशांसाठी दुसऱ्या पेशी. म्हणजे कोण कुठे निघालंय हे मेंदूच्याही आधी डोळ्याला कळतं! माणसाच्या डोळ्यातलं इतकं स्वच्छ अजून उमगलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या.

मी विचारलं, पट्टी मधेच थांबवली तर? त्यांनी थांबवली. दोन-चार कटकटी आणि शांत. उजेड तिथेच होता, पण थांबलेल्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

बाबा, तुमचा जन्म "हलू नका" म्हणण्यात गेला. नवरा-नवरींना, रडक्या बाळांना, पासपोर्टवाल्यांना. मला तर उठता-बसता, "भिंगरी, एका जागी उभा राहा, मग दिसशील." घरातल्या एकाही फोटोत मी धड नाही. ताईशेजारी जो धुराचा लोट आहे, तो मी.

गेल्या महिन्यात ताईने कळवलं की तुमच्या नजरेचा मधला भाग तीन वर्षांपासून जातोय. कडेचं दिसतं, समोरचा चेहरा नाही. गिऱ्हाइकांना आवाजावरून ओळखत, कॅमेरा अंदाजाने लावत राहिलात आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाहीत. ते वाचून मी बोटांवर महिने मोजले.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मी आलो होतो, बाबा. (ताई, थांबू नकोस, वाच.) स्टुडिओसमोरच्या दिव्याच्या खांबाशी उभा राहिलो. घर सोडताना तुम्हाला जे बोललो होतो, ते परत घ्यायचं होतं. ठरवलं, तुम्ही नुसता हात वर केलात तरी रस्ता ओलांडायचा. म्हटलं, एकदा तरी त्यांच्या मनासारखं करू. बॅग खाली ठेवली आणि हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा, चांगली पंधरा मिनिटं. तुम्ही दारातल्या खुर्चीवर लेन्स पुसत होतात. मान वर केलीत, सरळ माझ्याकडे पाहिलंत आणि पुन्हा पुसायला लागलात. मी बॅग उचलली. कोपऱ्यावर वळून बघितलं तर तुमची मान माझ्या बाजूला वळत होती. मला वाटलं, गेलो की नाही याची खात्री करताय, म्हणून पुढे फोनच उचलला नाही. हललो तेव्हाच तुमच्या कडेच्या नजरेला दिसलो असेन, हे आता कळतंय.

एवढ्यासाठीच हे पत्र. रविवारी चारला मी येतोय. तुम्ही त्याच खुर्चीवर बसा. खांबाशी उभा राहणार नाही. फुटपाथवरून डावीकडून उजवीकडे जाईन, मग उजवीकडून डावीकडे, दोन्ही हात हलवत. लोक हसले तर हसोत, तुमच्या कुठल्या तरी पेशीला पटेनच. तेव्हा "हलू नकोस" तेवढं म्हणू नका. आणि तुम्ही हात वर केला नाहीत, तरी या वेळी मी रस्ता ओलांडणार आहे.

तुमचाच, अजून हललेला,
भिंगरी