मशीन नको, पैसेच द्या

आई, एक गोष्ट तुलाच विचारायची आहे. त्या लोकांनी शिलाई मशीनऐवजी तुला रोख पैसे दिले असते, तर तू काय केलं असतंस?

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी पनवेलच्या एका मंडळाने विधवांना मशीनं वाटली. तुलाही एक मिळालं, हार घालून, फोटो काढून. तू करंजाहून सुकी मासळी आणून दारोदार विकणारी. सुईशी तुझा संबंध बटण लावण्यापुरता. मी तुझा पदर धरून उभी आहे आणि तू मंडळाच्या बाईंना हळूच म्हणते आहेस, "मना शिवाया नाय येत, ताई. पैसंच द्या ना. आगोटीच्या आधी सुकं म्हावरं भरून ठेवीन." पावसाळ्यात होड्या बंद, भाव चढे. मे महिन्यात ज्याच्या हाती पैसे, त्याचे पुढचे चार महिने सुखाचे, हे तुला पक्कं ठाऊक होतं. बाई हसल्या. "पैसे काय, आज दिले की उद्या उडाले!" तू मशीन घरी घेऊन आलीस. मशीन बोंबलांची टोपली ठेवायला कामी आलं आणि पावसाळ्यात टोपली रिकामीच राहिली. त्या बाईंचा मला अजून राग येतो. थोडा तुझाही, की तू दुसऱ्यांदा का मागितलं नाहीस.

आता मी अशा संस्थेत काम करते, जी एकटीने मुलं वाढवणाऱ्या बायांच्या खात्यात दरमहा पैसे टाकते. सहा महिन्यांनी घरी जाऊन विचारायचं, पैसे कशाला लागले? उत्तर साहेबांना पटलं नाही तर मदत थांबते. मला मात्र या उत्तरांचं भारी कुतूहल. एकीने दात बसवले, एकीने दाराला धड कडी लावून घेतली. काल कामोठ्यात एकीकडे गेले. नवरा सोडून गेलेला, मुलगी तिसरीत. सकाळी एका क्लासची साफसफाई, संध्याकाळी चार घरच्या पोळ्या. विचारलं तर घाबरली. "खरं सांगू, मॅडम? काहीच घेतलं नाही. पोळ्यांची कामं सोडली."

"मग संध्याकाळी करता काय?"

"पोरीजवळ बसते. ती शाळेतलं सांगते, मी ऐकते." मग एकदम म्हणाली, "बंद करणार का पैसे?"

मी तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिलं. साहेबांचा फोन आलाच. "अहो, याला खर्च म्हणतात का?" मी म्हटलं, "हो, म्हणतात," आणि अर्धा तास भांडले. शेवटी तिचे पैसे चालू राहिले. घरी येताना वाटलं, तुला पैसे मिळाले असते तर तूही अशीच माझ्याजवळ बसली असतीस.

पण आई, पावसाळ्यात धंदा नसायचा, तेव्हा तू संध्याकाळी घरीच असायचीस. आणि मी अभ्यासाचं निमित्त काढून शेजारी पळायचे. तुझ्या लुगड्याला मासळीचा वास यायचा, त्याची मला लाज वाटायची. तू विचारायचीस, "आज शालंत काय झालं, बाय?" मी चपला घालता घालता म्हणायचे, "काही नाही."